कोकणात नव्याने राहायला आलात? चक्रीवादळाची तयारी अशी करा

श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत बाहेरून येऊन राहणारी माणसं आता गावोगाव दिसतात. कुणाची बँकेत किंवा शाळेत बदली झालेली, कुणी निवृत्त होऊन वडिलोपार्जित घर पुन्हा उघडलेलं, कुणी समुद्राजवळ चार खोल्यांचा होमस्टे काढलेला. पावसाची त्यांना कल्पना असते, थोडी हौसही असते. वाऱ्याची मात्र कल्पना नसते. इथल्या माणसाला यातलं बरंचसं अंगवळणी पडलेलं असल्यामुळे तो ते मुद्दाम सांगत नाही, आणि नवा माणूस नेमका तिथेच अडतो. म्हणून हा लेख.

एक गोष्ट आधीच मनाशी धरा. वारा काही तासांचा असतो, हाल नंतरच्या दिवसांत होतात. वीज नाही, फोन नाही, विहिरीवरचा पंप बंद, रस्त्यावर झाडं आडवी. ३ जून २०२० च्या 'निसर्ग' वादळानंतर रायगड आणि उत्तर रत्नागिरीतल्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. आपल्याला तयारी करायची आहे ती या आठवड्यांची.

वादळाचे दोन हंगाम

अरबी समुद्रात चक्रीवादळं होतात ती मुख्यतः दोनदा. पावसाच्या तोंडावर, म्हणजे मे-जूनमध्ये, आणि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस झोडपतो, पण चक्रीवादळ सहसा येत नाही.

मे-जूनच्या वादळाला तोंड देणं त्यातल्या त्यात सोपं, कारण गाव तेव्हा पावसाळ्याच्या तयारीतच असतं. कौलं परतलेली असतात, लाकूडफाटा आत आलेला असतो, आणि १ जूनपासून मासेमारी बंद होत असल्यामुळे होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. नोव्हेंबरचं वादळ मात्र बेसावध गाठतं. भात कापून शेतात किंवा खळ्यावर पडलेलं असतं आणि होड्या दूर समुद्रात असतात. ११ नोव्हेंबर २००९ ला 'फयान' अलिबाग आणि मुंबईच्या दरम्यान किनाऱ्यावर आलं, ते रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या मच्छीमारांचा घास घेऊनच. तेव्हा पावसाळा संपला म्हणून ऑक्टोबरमध्ये दोर, ताडपत्री माळ्यावर टाकू नका. डिसेंबरपर्यंत हाताशी ठेवा.

'वादळ आपल्याकडे येणार नाही, बाजूने जाणार' हे ऐकून निर्धास्तही होऊ नका. 'तौक्ते' किनाऱ्यावर चढलं ते थेट गुजरातमध्ये, १७ मे २०२१ च्या रात्री. पण त्याआधी ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या समोरून समुद्रातून वर सरकलं आणि जाता जाता देवगड, मालवण, वेंगुर्ल्याला घरं, माड आणि झाडावरचा आंबा घेऊन गेलं. अक्षय्य तृतीया होऊन एक-दोन दिवस झाले होते, म्हणजे आंब्याचा ऐन हंगाम.

पहिलं काम: एप्रिलमध्ये घराभोवती एक फेरी

घर विकत घेतलेलं असो की भाड्याचं, छपरापासून सुरुवात करा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि तो छपराला खाली दाबण्यापेक्षा वर उचलतो. म्हणून पत्रा उडतो तो बहुतेक वेळा कडेकडून. पत्र्याचे हूक गंजलेत का, कडेच्या ओळीत हूक दोन-दोन फूट अंतरावर आहेत का, वळचणीला पत्रा भिंतीबाहेर किती लोंबतोय, हे बघा. सिमेंटचा जुना पत्रा भेगाळला असेल तर आत्ताच बदला. कौलारू घर असेल तर आढ्याची आणि पाखाच्या कडेची कौलं सिमेंटमध्ये बसवून घ्या. वासे आणि रिपा एखाद्या जुन्या सुताराकडून तपासून घ्या. वाळवी खाल्लेला वासा बाहेरून धडधाकट दिसतो. सुतार तो वाकसाच्या दांड्याने ठोकून आवाजावरून सांगतो.

होमस्टेवाल्यांसाठी थोडं जास्त. वादळात माणूस जखमी होतो तो बऱ्याचदा उडत आलेल्या वस्तूमुळे. नावाचा फलक, बागेतल्या छत्र्या, प्लास्टिकच्या खुर्च्या, गच्चीवर नंतर टाकलेली पत्र्याची शेड, सोलरचे पॅनल, डिशची थाळी हे सगळं उडतं. गच्चीवरची प्लास्टिकची टाकी रिकामी असेल तर तीही उडते, भरलेली असेल तर जागची हलत नाही.

दुसरं काम: पाडेलीला (माडावर चढून नारळ उतरवणाऱ्याला) वेळेवर गाठणं

घरावर झुकलेला माड ही कोकणातली नेहमीची भानगड. नवा माणूस एक तर घाबरून सगळे माड तोडायला निघतो, नाही तर सौंदर्य म्हणून एकाही झाडाला हात लावू देत नाही. दोन्ही टोकाचं. माड वाऱ्यात वाकायलाच जन्मलेला आहे. निरोगी माड बरंच सोसतो. मोडतो तो भुंग्याने पोखरलेला, बुंध्याशी सडलेला किंवा मुळं उघडी पडलेला. बुंध्याशी लालसर चीक गळत असेल किंवा शेंड्याचा कोंब वाकडातिकडा येत असेल तर जाणत्याला दाखवा.

बाकीच्या माडांवरचे तयार नारळ आणि वाळक्या झावळ्या मे महिन्याच्या आत उतरवून घ्या. पन्नास फुटांवरून सुटलेला नारळ कौल, पत्रा आणि डोकं तिन्ही फोडतो. पाडेली आता प्रत्येक गावात एखाद-दुसराच उरलाय आणि वादळाची बातमी आली की सगळं गाव त्याच्या दारात उभं असतं. तेव्हा तो येणार नाही, आणि आला तरी वाऱ्यात त्याला माडावर चढवू नका. एप्रिलमध्येच त्याला बोलावून, चहा पाजून, झाडं दाखवून दिवस ठरवा.

आंबा, फणस, वड यांच्या घरावर आलेल्या फांद्यांचंही तसंच. विजेच्या तारेजवळची फांदी मात्र स्वतः तोडायची नाही, महावितरणला कळवायचं.

तिसरं काम: बेगमी

कोकणात पावसाळ्याची बेगमी ही जुनी रीत आहे: तांदूळ, कुळीथ, कोकम, पापड, सुकट-बोंबील, लाकडं, गोवऱ्या. दोन दिवसांत ऑनलाइन सामान घरपोच येतं म्हणून ही रीत सोडू नका. घाटात दरड आली, महामार्ग अडला की पहिलं बंद पडतं ते तेच.

किमान पंधरा दिवसांचं धान्य आणि कडधान्य हवं. एक भरलेला जादा सिलिंडर हवा. रोजच्या औषधांचा महिन्याचा साठा हवा, विशेषतः रक्तदाब, साखर आणि दम्याचा. थोडी रोकड हवी, तीही सुट्ट्या नोटांत. वीज गेली की एटीएम बंद, फोनवरून पैसे देणं बंद आणि पेट्रोल पंपही बंद. गाडीची टाकी मे आणि नोव्हेंबरमध्ये अर्ध्याखाली जाऊ देऊ नका. रॉकेल आता सहज मिळत नाही, तेव्हा कंदिलापेक्षा सोलरचे दोन दिवे घ्या. सेलवर चालणारा एक साधा रेडिओ घ्या, कारण टॉवरची बॅटरी संपली की मोबाइल नुसता खोका होतो.

पाण्याचं सगळ्यात महत्त्वाचं. विहिरीत पाणी तुडुंब असतं आणि घरात थेंब नसतो, ही वादळानंतरची ठरलेली अवस्था, कारण पंप विजेवर. ज्या विहिरीचा रहाट काढून टाकलाय, तिथे तो परत बसवा. निदान काठाला मजबूत आडवा वासा, कप्पी, जाड दोर आणि पोहरा एवढं तरी ठेवा. आणि एकदा प्रत्यक्ष वीस कळश्या ओढून बघा, म्हणजे दोराची लांबी आणि आपली ताकद दोन्ही कळतील.

चौथं काम: इशारा वाचायला शिकणं

हवामान खात्याच्या भाषेत वाऱ्याचा वेग ताशी ६२ किलोमीटरवर गेला की चक्रीवादळ आणि ८९ वर गेला की तीव्र चक्रीवादळ. वादळाला नाव मिळतं ते ६२ ओलांडल्यावर. हे लक्षात ठेवण्याचं कारण असं: 'निसर्ग' ३१ मेला समुद्रात नुसतं कमी दाबाचं क्षेत्र होतं, २ जूनला त्याला नाव मिळालं आणि ३ जूनच्या दुपारी ते ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यानिशी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर होतं. नाव ऐकल्यावर कामाला लागलेल्या माणसाच्या हाती जेमतेम एक दिवस आला. तुम्ही 'कमी दाबाचं क्षेत्र' हे शब्द ऐकल्यावरच कामाला लागा.

खात्याचे इशारे पायरीपायरीने येतात. साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा इशारा, २४ तास आधी प्रत्यक्ष वादळाचा इशारा, आणि शेवटी वादळ जमिनीवर आल्यावर ते आत कुठवर जाईल याचा अंदाज. मुंबईच्या प्रादेशिक हवामान केंद्राची पत्रकं बघत जा. फोनवर 'मौसम' आणि 'सचेत' ही सरकारी ॲप ठेवा. उंच लाटांचा इशारा हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सागरी माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेकडून येतो. गावाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या ध्वनिफितींवर मात्र भरवसा ठेवू नका. त्यात दर वर्षी जुन्याच वादळांचे व्हिडिओ नव्याने येतात.

बंदराजवळ राहत असाल तर बावट्याची भाषा शिका. कोळीवाड्यात 'तीन नंबरचा बावटा लागला' असं ऐकलंत, तर त्याचा अर्थ बंदराला जोराच्या वाऱ्याचा धोका आहे आणि होड्या आत घ्यायच्या. आकडा आठ किंवा त्याच्या वर गेला तर तो मोठ्या धोक्याचा.

आता भरती. वाऱ्याने ढकललेलं पाणी आणि भरती एकत्र आली तर खाडीकाठची घरं पाण्यात जातात, ओहोटीच्या वेळी तोच वारा पुष्कळ कमी नुकसान करतो. म्हणून भरतीची वेळ तोंडपाठ काढता आली पाहिजे, आणि त्यासाठी इंटरनेट लागत नाही. दिनदर्शिकेतली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमा-अमावस्येला सव्वाअकरा ते बाराच्या सुमारास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हाच हिशेब, आणि भरतीनंतर सहा तासांच्या आसपास ओहोटी. ३ जून २०२० ला ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती, म्हणजे भरती सकाळी नऊ-दहाच्या सुमारास होऊन गेलेली आणि वादळ आलं ते दुपारी, पाणी उतरत असताना. दोन दिवसांवर वटपौर्णिमा होती. त्या दिवशी दुपारी बाराच्या उधाणात तेच वादळ आलं असतं, तर किनाऱ्यालगतच्या वस्त्यांचं काय झालं असतं, याचा विचार करून बघा.

आणि वादळ लांब असलं तरी समुद्र लांब नसतो. २०१९ च्या दिवाळीत 'क्यार' ओमानच्या दिशेने निघून गेलं, तरी त्याच्या लाटांनी सिंधुदुर्गच्या किनाऱ्यालगत पाणी आत घातलं आणि अवकाळी पावसाने कापणीचं भात कुजवलं.

पाचवं काम: शेवटचे चोवीस तास

आधीची कामं झाली असतील तर हा दिवस फार धावपळीचा नसतो. टाक्या, पिंप, कळश्या, बादल्या भरा. फोन, पॉवर बँक, इन्व्हर्टर चार्ज करा. सातबारा, घरपट्टीची पावती, आधार, बँकेचं पासबुक, विम्याचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून गाठ मारा. फ्रिजमधली मासळी खाऊन संपवा. गोठ्यातल्या गुरांची दावी सोडा; गोठा पडला तर बांधलेलं जनावर वाचत नाही. घराचे आणि बागेचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा, त्यांचं काम पुढे आहे.

मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना आधीच सांगून ठेवा, की वादळानंतर काही दिवस फोन लागणार नाही आणि त्यांनी घाबरून गाडी काढून घाटात अडकू नये. ही सूचना साधी वाटते, पण फार उपयोगी पडते.

घर कच्चं असेल, पत्र्याचं असेल, खाडीच्या किंवा समुद्राच्या अगदी काठाला असेल, किंवा मागे डोंगराची कापलेली दरड असेल तर तिथे थांबू नका. पोलीस पाटील किंवा सरपंच सांगतील त्या शाळेत, समाजमंदिरात, निवारा केंद्रात जा, आणि उजेड असेपर्यंत जा. शेजारी एकटी म्हातारी माणसं असतील तर त्यांनाही बरोबर न्या. या गावांतली तरुण पिढी मुंबईला असते. वाडीतल्या आजीचा हात धरायला तुम्हीच जवळचे.

वारा सुरू झाल्यावर

मेन स्विच आणि गॅस बंद. सगळ्यांनी माजघरात किंवा सगळ्यात आतल्या, कमी खिडक्यांच्या खोलीत बसायचं. पडवीत उभं राहून व्हिडिओ काढायचे नाहीत. वर उडणारी कौलं बघत राहण्यापेक्षा जड पलंग किंवा टेबलाखाली मुलांना बसवा.

वारा एकाच दिशेने येत नाही. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरतात. त्यामुळे केंद्र तुमच्या उत्तरेकडून जात असेल तर आधी जमिनीकडून लागणारा वारा फिरून समुद्राकडून लागतो आणि तोच जास्त मारतो. 'निसर्ग'चा पत्ता अलिबागचा सांगितला जात होता, पण त्याच्या दक्षिणेला असलेल्या मंडणगड-दापोलीनेही तितकाच मार खाल्ला, त्याचं कारण हे. बातमीत दुसऱ्या तालुक्याचं नाव आहे म्हणून तुम्ही सुटलात असं नाही.

केंद्र डोक्यावरून गेलं तर वारा अचानक पडतो. पाऊस थांबतो, उजेड येतो, पाखरंही ओरडायला लागतात. माणसं बाहेर येतात, उडालेला पत्रा गोळा करायला छपरावर चढतात. ही शांतता काही मिनिटांची असते, क्वचित तासाभराची, आणि मग उलट्या दिशेने पहिल्याइतकाच वारा येतो. पहिल्या वाऱ्याने खिळखिळं झालेलं झाड दुसऱ्या वाऱ्यात पडतं. रेडिओवर किंवा प्रशासनाकडून सांगितल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही.

ओसरल्यावर: तारा, झाडं, विहीर

जमिनीवर पडलेली प्रत्येक तार जिवंत आहे असं धरून चला. सगळ्या गावाची वीज गेलेली असली तरी कुणाच्या तरी घरचा जनरेटर चालू असू शकतो. आपल्याकडे जनरेटर असेल तर तो अंगणात मोकळ्यावर चालवा. बंद पडवीत त्याच्या धुराने माणसं गुदमरून जातात.

आडव्या पडलेल्या झाडात ताण अडकलेला असतो. भलत्या जागी घाव घातला तर बुंधा उसळतो. ते काम कटर चालवणाऱ्या जाणत्यावर सोडा, आपण फांद्या ओढाव्यात. पायात गमबूट घाला, पाचोळ्यात हात घालू नका, तिथे साप असतात. पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यात उतरू नका, लेप्टोची भीती असते, आणि नंतर ताप आला तर अंगावर काढू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलीस-अग्निशमनासाठी ११२, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षासाठी १०७७. हे भिंतीवर लिहून ठेवा.

विहिरीत पाला, चिखल गेला असेल तर आधी तो काढा. मग पाण्याचा हिशेब करा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने आणि शेवटी ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येतं. दोन मीटर व्यास आणि तीन मीटर पाणी असेल तर सुमारे ९,४०० लिटर. हजार लिटरला चांगली ताजी ब्लीचिंग पावडर अडीच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण चोवीस ग्रॅम. पुराचं पाणी शिरलं असेल तर मात्रा जास्त लागते, ती आरोग्य सेवकाला विचारून घ्या. पावडर तशीच विहिरीत फेकू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, वर पाणी घाला, पाच-दहा मिनिटं चुना खाली बसू द्या. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने पाण्यात खोल सोडा आणि हिसके देत वरखाली करा. तासभर थांबून मग पाणी वापरा, आणि प्यायचं उकळूनच घ्या.

पंचनामा

पडलेली झाडं उचलायची घाई सगळ्यांना असते. रस्त्यावरचं आणि घरावरचं काढा, बाकीचं फोटो काढल्याशिवाय हलवू नका. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक येतील तेव्हा बुंधे मोजता आले पाहिजेत. नारळ किती, पोफळी (सुपारीची झाडं) किती, आंबा किती, हे वेगवेगळं लिहून हातात द्या आणि पंचनाम्यावर सही करण्याआधी आकडा वाचून बघा.

नव्या माणसाची खरी अडचण सातबाऱ्यावर असते. कोकणातले सातबारे सामायिक. एका गुंठ्यावर वीस नावं, त्यातली पंधरा मुंबईत आणि काही हयात नाहीत. भरपाईच्या वेळी बाकीच्या खातेदारांची संमती मागितली जाते आणि पैसे तिथे अडतात. वाडवडिलांच्या घरात परतला असाल तर वारस नोंदी आणि संमतीपत्रांचं काम वादळाची वाट न बघता याच वर्षी उरका. बागेची नोंद ई-पीक पाहणीत करून ठेवा; कागदावर नसलेली पोफळ पंचनाम्यातही नसते.

बाग पुन्हा उभी करताना

पोफळीचं झाड उंच आणि बारीक, मुळं वरवरची. एक कोसळलं की शेजारच्या दोघांना घेऊन जातं. श्रीवर्धन-दिवेआगरकडच्या वाड्या 'निसर्ग'मध्ये अशाच आडव्या झाल्या. नवी लावली तर फळ धरायला पाच ते सात वर्षं जातात, म्हणून कुणी हताश होऊन जमीन विकायचं म्हणालं तर त्याला घाई करू देऊ नका.

वाकलेली लहान झाडं पहिल्या आठवड्यात टेकू देऊन, बुंध्याशी माती चढवून सरळ करा. त्यातली बरीच जगतात. नवी रोपं खात्रीच्या ठिकाणाहून आणा. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ, रत्नागिरीजवळच्या भाट्ये इथलं नारळ संशोधन केंद्र आणि श्रीवर्धनचं सुपारी संशोधन केंद्र ही विचारपूस करायच्या जागा. सुपारीत 'श्रीवर्धनी' ही इथलीच जात. माड पंचवीस फुटांवर, पोफळ नऊ फुटांवर लावा, यापेक्षा दाट नको. कोवळ्या पोफळीला पश्चिमेचं ऊन सोसत नाही, म्हणून त्या बाजूने केळी लावा. केळी वर्षाभरात उत्पन्न देते, तेवढाच हातभार. समुद्राकडच्या कडेला सुरू, उंडी यांसारख्या झाडांची दोन-तीन ओळींची आड धरा, आणि ती मोडली तर दुसऱ्याच पावसाळ्यात पुन्हा लावा.